पाथर्डी फाट्यावरचं सेंट्रिंग भाड्याचं दुकान

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये छोटी बांधकामं घेतो. मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, मजूर गावी गेले आणि या दुकानातून भाड्याने आणलेल्या सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक (स्लॅब ओतताना खालून आधार द्यायचं लोखंडी सामान) माझ्या दुसऱ्या स्लॅबखाली अडकले. दुकानातल्या काकांनी स्वतःहून फोन केला, "काम बंद तोवर भाडं बंद." तेवढा आधार तेव्हा कुणीच दिला नाही.

सप्टेंबरात मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरलं, फ्लॅटची चौकशी वाढली. मी स्वतःच्याच प्लेटा घ्यायला निघालो होतो. काका म्हणाले, "आधी मजुरीचे पैसे हाताशी ठेव, लोखंडात अडकवू नकोस." ऐकलं ते बरं झालं. पुढे सळईचे भाव चढले तेव्हा तीच रोकड कामी आली.

प्लेटा सरळ आणि तेल लावलेल्या मिळतात. गाडी मात्र उशिरा येते, माल दोन दिवस आधीच सांगा.