६० लिटरची सॅक: आठ महिने, पाच मुक्काम आणि एक चेन

शिव्या घालायच्या ठरवूनच लिहायला बसलो होतो. लिहितालिहिता मत थोडं फिरलं, पण आधी राग.

जूनचा पहिला शनिवार. सोसायटीतल्या पोरांना घेऊन राजमाचीला काजवे बघायला निघालो. ठाण्याहून कर्जत लोकल, गर्दी नेहमीचीच. कर्जतला उतरताना सॅक कुणाच्या तरी पायात अडकली, मी हिसका दिला आणि तळच्या कप्प्याची चेन मधूनच उघडली. रनर, म्हणजे चेन ओढायचा सरकता तुकडा, टोकाला बंद, मधले दात सताड उघडे. फलाटावर आधी स्लीपिंग बॅग, मग टॉवेल, मग बारा जणांचे कांदे-बटाटे. पोरं हसून लोळायची बाकी होती. कांदे वेचले, सॅक सुतळीने आवळली आणि कोंडाणे लेण्यांच्या वाटेने राजमाचीवरची उधेवाडी गाठली. काजवे भरपूर होते म्हणे. माझं लक्ष सुतळीकडे.

२,४०० रुपयांच्या सॅकला सुतळी!

दुकानदार म्हणाला, कंपनीला फोन करा. कंपनी म्हणाली, वॉरंटी शिलाईवर आहे, चेन झिजणाऱ्या भागात येते. तरी बिल पाठवा, फोटो पाठवा, सॅक स्वखर्चाने कुरिअर करा, २१ दिवसांत बघू. कुरिअरवाला साडेतीनशे सांगत होता. शेवटी स्टेशनजवळच्या बॅगा शिवणाऱ्याकडे गेलो. दात शाबूत होते, रनर सैल झालेला. नवा रनर, ४० रुपये, दहा मिनिटं.

इथे माझी जरा पंचाईत झाली. रनर सैल का झाला? कप्पा टम्म फुगवून, वर गुडघा देऊन मी चेन ओढायचो म्हणून. बाजूचे पट्टे आधी आवळले की चेनवर ताण येत नाही. आठ महिन्यांत ते पट्टे मी एकदाही आवळले नव्हते. आणि कांदे-बटाटे तळाला? तळाला झोपायचं हलकं सामान, जड शिधा पाठीला लागून मधोमध, रेनकोट अगदी वर, हे पोरांना दर वेळी मीच बजावतो.

तरी रनर इतका मऊ असायला नको होता. निषेध कायम.

बाकी सॅक चांगली आहे. कमरेचा पट्टा तर खासच. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीला ११ किलो घेऊन चढलो, खांदे दुखले नाहीत. रेन कव्हर मिळतं, पण पाठीच्या बाजूने पाणी उतरायचं ते उतरतंच. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून तिच्यात सामान भरा. सॅक सेलमध्ये मिळाली तर घ्या. छापील किमतीला नको.

वरच्या खिशात आता छोटी पक्कड असते. सैल रनर दोन्ही कडांना हलका दाबला की मुक्कामापुरतं भागतं. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचा रनर असाच दाबून दिला आणि गमतीने ४० रुपये मागितले. म्हणाली, ‘‘काका, नवीन कुठे टाकलात? वीस घ्या.’’