खारवट जमिनीसाठी मायकोरायझा पावडर: वापरानंतरचा अभिप्राय

टोमॅटोची रोपे खारवट वाफ्यात लावताना ही मायकोरायझाची (मुळांत राहून रोपाला मदत करणाऱ्या बुरशीची) पावडर ओलसर मुळांना थेट चोळली, कारण बुरशीचा मुळाशी प्रत्यक्ष संपर्क आला तरच ती आत शिरते. वरून शिंपडल्यास बराचसा माल वाया जातो. शेजारच्या, पावडर न लावलेल्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, तर या रोपांची पाने बऱ्याच अंशी हिरवी राहिली.

बुरशीचे केसाहून बारीक तंतू मुळे पोहोचत नाहीत तिथले पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) रोपाला आणून देतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पानांत सोडियम कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त राहण्यास त्यांची मदत होते, आणि क्षारांच्या ताणात रोप तगण्यात या समतोलाचा मोठा वाटा असतो. जमिनीतले क्षार मात्र ही बुरशी काढून टाकत नाही. त्यासाठी निचरा आणि गोड्या पाण्याची धुलाई हवीच.

पाकिटावर बुरशीची जात, बीजाणूंची संख्या आणि वापराची अंतिम मुदत स्पष्ट छापलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. माहितीपत्रकात मात्र दोन गोष्टी राहून गेल्या आहेत: स्फुरदयुक्त खताचा मोठा हप्ता दिल्यास बुरशीची वाढ मंदावते, आणि कोबी, मोहरी, पालक किंवा बीट या पिकांची मुळे तिच्याशी सहसा नातेच जोडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही पावडर घेऊ नये.