गाण्याचं ॲप बदलायचं का? दरवाढ हे निमित्त, कारण वेगळं

मे महिन्यात माझ्या गाण्याच्या ॲपकडून मेसेज आला की पुढच्या महिन्यापासून वीस रुपये जास्त कापले जातील. वर्षाचे 240. एवढ्यासाठी मी काही सेवा बदलली नसती. पण पैसे वाढले की आपण नेमके कशाचे पैसे देतोय, हे माणूस नीट बघायला लागतो. मीही बघितलं. दीड महिना दोन ॲप एकाच फोनवर चालवली आणि शेवटी बदल केला.

दोन्ही सेवांची नावं मुद्दाम लिहीत नाही. ही ॲप सारखी बदलत असतात. काय तपासून बघायचं, तेवढं तुमच्या लक्षात राहिलं की पुरे. एकीला जुनी म्हणू, दुसरीला नवी.

निव्वळ पैशांसाठी बदलत असाल, तर मला वाटतं थांबा. दर सगळीकडेच वाढतायत. 2024 च्या ऑगस्टमध्ये यूट्यूब प्रीमियमचा घरातल्या सगळ्यांसाठीचा प्लॅन 189 वरून 299 रुपयांवर गेला. त्याच वर्षी रेसो आणि विंक ही दोन्ही ॲप आपल्याकडे बंद झाली. आज स्वस्त दिसतं तिथे गेलात आणि वर्षभरात तिथेही वाढ झाली, तर सगळ्या याद्या घेऊन पुन्हा हलायचं, आणि त्या हलवणं सोपं नसतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आमच्या घरात गाणं पहाटे पाचला सुरू होतं. अप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना आधी वचनं, म्हणजे शरण संतांच्या कन्नड रचना लागतात, मग एखादा ख्याल. सोलापुरात हे नवल नाही. बाराव्या शतकातल्या ज्या सिद्धरामेश्वरांचं मंदिर आपल्या तळ्यात आहे, त्यांची वचनं कन्नडच. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांनी गायलेली वचनं अप्पांकडे कॅसेटवर होती. टेपरेकॉर्डर गेला आणि ती जागा फोन आणि ब्लूटूथ स्पीकरनं घेतली. बायकोला भावगीतं आणि अभंग. मुलगा पुण्यात शिकतो, त्याची आवड वेगळी. गाण्यांचा साठा म्हणाल तर दोन्ही सेवांकडे आम्हाला पुरून उरेल इतका आहे. कुणाकडे किती कोटी गाणी, ही तुलना मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिली.

माझं खरं दुखणं दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या जागेत होतं.

शास्त्रीय गाण्याची रेकॉर्डिंग ॲपवर तुकड्यांत येतात. विलंबित म्हणजे संथ भाग एका तुकड्यात, द्रुत म्हणजे जलद भाग दुसऱ्यात. मैफलीत गायक विलंबित संपवून द्रुताकडे वळतो, तेव्हा तंबोरा चालूच असतो. त्याच आवाजावर ऐकणारा टेकलेला असतो. जुन्या ॲपमध्ये नेमका तिथेच तंबोरा तुटायचा. सेकंद-दीड सेकंद पूर्ण शांतता, मग एकदम पुन्हा सूर. अभंगांच्या मैफलीतही तेच. गजर चालू आहे, टाळ चालू आहेत आणि मधेच सगळं गप्प. अप्पा डोळे मिटून बसलेले असायचे. दर वेळी डोळे उघडून विचारायचे, "कोण बंद केलं रे?" कुणीच केलेलं नसायचं. पण रोज पहाटे त्यांची तंद्री मोडते आणि पैसे मीच देतोय, हे मला लागायला लागलं.

आधी मला स्पीकरचा दोष वाटला. म्हणून वायरचे हेडफोन लावून बघितलं. खाच तिथेही होतीच. मग थोडं वाचलं. एमपी3 सारख्या पद्धतीत आवाज ठरावीक मापाच्या चौकटींत भरतात. एमपी3 च्या एका चौकटीत आवाजाचे 1152 नमुने, म्हणजे सेकंदाचे साधारण सव्वीस हजारांश. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी या चौकटींत थोडी रिकामी जागा उरते. ती किती आहे हे ॲपला माहीत असेल, तर ते तेवढा भाग कापून दोन्ही तुकडे जोडून घेतं. शिवाय पहिला तुकडा संपण्याआधीच दुसरा मागवून तयार ठेवावा लागतो. नुसत्या रिकाम्या चौकटींनी दीड सेकंदाची खाच पडत नाही. म्हणून माझा अंदाज असा, की जुनं ॲप पुढचा तुकडा वेळेत मागवतच नव्हतं.

सेटिंगमध्ये क्रॉसफेडची सोय होती. एक गाणं हळू होत जातं आणि दुसरं त्यावरच सुरू होतं. तीन सेकंद ठेवून बघितलं, तर आणखी बिघडलं. विलंबिताचं शेवटचं आवर्तन आणि द्रुताचा मुखडा एकमेकांवर चढले आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा हरवली. पुढच्या रेकॉर्डिंगला गायकाच्या जागी गायिका आली, तेव्हा काळी एक आणि काळी पाच अशा दोन पट्ट्यांतले षड्ज, म्हणजे दोन वेगळे सा, एकाच वेळी वाजले. अप्पा उठून आत गेले. सिनेमाच्या गाण्यांना क्रॉसफेड चालत असेल, आपल्या गाण्याला चालत नाही.

नव्या ॲपवर तोच गायक, तोच राग, तेच रेकॉर्डिंग लावलं. तंबोरा सलग राहिला. कुठे तुकडा संपला ते स्क्रीन बघितल्याशिवाय कळलं नाही. मी मोजमाप केलेलं नाही, कानानंच ऐकलं. तुमच्या फोनवर वेगळं होऊ शकतं, म्हणून स्वतः ऐकून बघा. मैफलीचं एखादं लांब रेकॉर्डिंग घ्या, पहिला तुकडा शेवटच्या मिनिटावर न्या आणि डोळे मिटा. एवढ्यात निकाल लागतो.

आवाजाच्या दर्जात मला दोघींत फरक जाणवला नाही. 320 केबीपीएसवर तासाभराचं गाणं साधारण 144 एमबी डेटा खातं, दोन्हीकडे तेवढाच. लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवता दिलेला आवाज, म्हणून जास्त पैसे मागत असतील, तर ब्लूटूथवर ऐकणाऱ्यानं ते देऊ नयेत. ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवतं.

जुनीची एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. मी महिन्यातून दोनदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो. कुर्डुवाडी सोडली की माझ्या फोनला नेटची एखादीच कांडी उरते. नेट पूर्ण गेलं तर दोन्ही ॲप डाउनलोड केलेली गाणी निमूट वाजवतात. अर्धवट नेट असलं की नवं ॲप अडतं, गाणं फोनमध्येच असूनही ते बाहेर काहीतरी शोधत बसतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा लागतो आणि मग कुणाचा कॉल येत नाही. जुनं ॲप अशा वेळी कधी अडलं नाही. तुमचं ऐकणं मुख्यतः प्रवासात असेल आणि तीन-चार मिनिटांची गाणी असतील, तर वीस रुपये जास्त देऊन जुन्या सेवेतच राहणं योग्य ठरेल. मुलगाही तिथेच राहिलाय. त्याला विद्यार्थ्यांचा स्वस्त प्लॅन मिळतो आणि घरच्या प्लॅनला सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत, अशी अट आहे.

आता याद्या हलवण्याबद्दल. त्यासाठी वेगळी ॲप मिळतात. ती गाण्याचं आणि गायकाचं नाव जुळवून नव्या सेवेत तेच गाणं शोधतात. बायकोची भावगीतं जवळजवळ सगळी आली. ख्यालांचा गोंधळ झाला. एकाच गायकाची एकाच रागातली पाच रेकॉर्डिंग असतील, तर ॲपनं हाताला लागेल ते उचललं. वचनांची नावं इंग्रजी अक्षरांत ज्याला जशी सुचली तशी लिहिलेली, त्यामुळे कितीतरी सापडलीच नाहीत. मग दोन रविवार अप्पांना शेजारी बसवून एकेक लावलं. सुरुवातीचा आलाप ऐकूनच ते सांगायचे, "हे नव्हे, पुढचं बघ."

तुम्ही बदलणार असाल तर फुकट चाचणीचा महिना पूर्ण वापरा. ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा मेसेज यायला हवा, तो आला की लगेच निर्णय घ्या. आणि जुनं खातं एकदम पुसून टाकू नका. वर्गणी थांबवली तरी माझ्या याद्या तिथे फुकटच्या खात्यात तशाच दिसतायत. अप्पांची अकरा वचनं नव्या ॲपवर अजून मिळालेली नाहीत. त्यांची नावं त्या यादीतून मी एका वहीत उतरवून घेतलीत आणि दर रविवारी स्पेलिंग बदलून एखादं शोधतोय.