तीन उपकरणांसाठी एकच वायरलेस चार्जिंग डॉक

फोन, घड्याळ आणि इअरबड्स यांच्या वायरींचा गुंता टेबलावरून हटवण्यासाठी मी घेतलेल्या पहिल्या डॉकने माझी निराशा केली. रात्री फोन जरासा तिरका ठेवला गेला, की सकाळी तो गरम लागायचा आणि बॅटरी निम्मीच भरलेली असायची. वायरलेस चार्जिंगमध्ये डॉकमधील तारेचे वेटोळे आणि फोनच्या पाठीमागचे वेटोळे समोरासमोर यावे लागते, आणि ती जागा थोडी जरी चुकली तरी बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी २०२३ साली जाहीर झालेल्या ‘ची-२’ (Qi2) या वायरलेस चार्जिंगच्या मानकाचा डॉक निवडला. त्यातील चुंबकांचे कडे फोनला हलकेच ओढून नेमक्या जागी बसवते आणि १५ वॅटपर्यंत चार्जिंग होते. अर्थात फोनही त्या मानकाचा हवा.

घड्याळाच्या बाबतीत अधिक जपून पाहावे, कारण अ‍ॅपल वॉचसाठीच्या चकतीवर इतर कंपन्यांची घड्याळे सहसा चार्ज होत नाहीत. इअरबड्सच्या डबीला वायरलेस सोय आहे ना, एवढे तपासले की पुरे.

अ‍ॅडॉप्टर मात्र अनेकदा खोक्यात नसतो. फोनला १५ आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ५ वॅट धरले, तरी वाया जाणारी ऊर्जा लक्षात घेता ३० वॅटचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या डॉकचे बूड जड असून खाली रबर आहे, त्यामुळे एका हाताने फोन उचलताना डॉक सोबत उचलला जात नाही. रोजच्या वापरात मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटला.