आप्पांचे कान, माझा फोन: बेळगावच्या टिळकवाडीतल्या श्रवणयंत्र केंद्राचा सहा महिन्यांचा अनुभव

वडगावच्या यंत्रमागांवर चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला कमी ऐकू येणे, ही आमच्याकडे तक्रार मानली जात नाही. मागांच्या खडखडाटात ओठ पाहूनच बोलणे चालायचे, त्यामुळे वयाच्या 78व्या वर्षापर्यंत आप्पांनी कान कोणाला दाखवले नव्हते.

केंद्रातली तपासणी चोख झाली. कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्या आलेखाची रेषा 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीत, खोल घसरली होती, ती मागांच्या आवाजाची खूण. तिच्या जोडीला वयाचा बहिरेपणा, ज्यात वरच्या पट्टीचे ध्वनी आधी जातात आणि स, श, फ ही अक्षरे निसटू लागतात. शब्द ओळखण्याच्या चाचणीत मात्र कन्नड शब्दांची यादी ऐकवली गेली. आप्पांचे कन्नड बाजारापुरते. न ऐकलेला शब्द कोणता आणि न कळलेला कोणता, हे त्या गुणांवरून कसे ठरणार? मी हे विचारताच तंत्रज्ञ मुलीने स्वतः मराठी शब्द म्हणून चाचणी पुन्हा घेतली आणि गुण वाढले. तिचे कौतुकच आहे, पण बेळगावात मराठी यादी तयार असायला हवी होती.

कानामागे बसणारी, चार्जिंगची जोडी 52,000 रुपयांना पडली. श्रवणयंत्रावर जीएसटी नसतो, त्यामुळे सांगितलेली किंमत तीच बिलावर आली. (दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्र मोफत मिळू शकते, हे तिथे कोणी बोलले नाही, म्हणून इथे नोंदवतो.) आवाज स्वच्छ आहे. फक्त भजनात टाळ कर्कश वाजतात, कारण यंत्राची जुळणी बोलणे ऐकण्यासाठी केलेली असते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. यंत्राचे अ‍ॅप आप्पांना न विचारता माझ्या फोनवर घालून दिले गेले, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. घरी खुर्चीत बसून मी त्यांच्या यंत्राचा आवाज कमी-जास्त करू लागलो. तीन महिन्यांनी केंद्रात यंत्र संगणकाला जोडले, तेव्हा रोजच्या वापराची नोंद पडद्यावर आली: सरासरी तीन तास. तंत्रज्ञाने ती मला दाखवली, आप्पांना नाही; मीही तंत्रज्ञादेखतच आप्पांना रागावलो.

"कान माझे, आणि चावी तुझ्याजवळ?" आप्पा एवढेच म्हणाले. ज्या घरात दिवसभर टीव्ही चालतो तिथे यंत्र काढून ठेवणे हा आळस नव्हे, निवड असू शकते, हे मला तेव्हा सुचले.

यंत्रावरच आवाजाचे बटण आहे, हे पहिल्या दिवशी कोणी शिकवले नव्हते. सांगितल्यावर पाच मिनिटांत शिकवले. अ‍ॅप मी काढून टाकले. भजनासाठी वेगळी जुळणीही आता करून मिळाली असून ती कधी लावायची हे आप्पाच ठरवतात. केंद्राला पाचपैकी साडेतीन गुण देतो. पुढच्या तपासणीला ते एकटेच आत जाणार आहेत, मी बाहेर बाकावर बसेन.