ब्रिटनमध्ये लायसन्स काढताना: लगेच की नंतर, गिअरचं की ऑटोमॅटिक, कार की दुचाकी?

पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी ब्रिटनला आलेल्या बहुतेकांना गाडीचा प्रश्न सुटल्यातच जमा वाटतो. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी रस्त्याच्या डावीकडून, आणि खिशात दहा-बारा वर्षांचं लायसन्स. पहिलं वर्ष तसं जातंही, कारण इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर कार किंवा मोटारसायकल चालवता येते. नंतर मात्र ते चालत नाही आणि बदलूनही मिळत नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती अशा मोजक्या देशांच्या लायसन्सधारकांना ती सोय आहे, भारतीयांना नाही. लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा आपल्याला द्याव्याच लागतात. त्या कधी द्यायच्या आणि कशावर द्यायच्या, एवढंच आपल्या हातात आहे.

लगेच की वर्ष संपता संपता?

वर्षभर थांबण्याचा मोह समजण्यासारखा आहे. घर, बँक, मुलांची शाळा यात पहिले महिने कुठे जातात कळत नाही. शिवाय आपण बेकायदा काही करत नसतो. पण हे १२ महिने मोजले जातात ते तुम्ही इथे राहायला आल्याच्या दिवसापासून. पहिल्यांदा गाडी चालवली तो दिवस धरत नाहीत, आणि मध्ये महिनाभर भारतात जाऊन आल्यानं मोजणी नव्यानं सुरू होत नाही.

लवकर सुरुवात करण्यात तोटा असा काहीच नाही. शिकाऊ लायसन्स, म्हणजे इथलं प्रोव्हिजनल, ऑनलाइन ३४ पौंडांत आणि पोस्टानं ४३ पौंडांत मिळतं. त्यासाठी किमान १८५ दिवस इथे राहण्याची परवानगी लागते. ते घेतलं की ‘एल’ची पाटी लावून, शेजारी कुणाला बसवूनच गाडी चालवावी लागेल, असा अनेकांचा समज असतो. त्या भीतीनं लोक अर्जच लांबवतात. पहिले १२ महिने पूर्ण होईपर्यंत ती अट तुम्हाला लागू होत नाही. भारतीय लायसन्सवर एकट्यानं गाडी चालवत राहता येतं.

उशिरा सुरुवात केली तर खरी अडचण रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळण्यात येते. कित्येक केंद्रांवर पाच-सहा महिन्यांपुढची तारीख मिळते. नापास झालात तर पुढच्या परीक्षेच्या आधी किमान १० कामाचे दिवस जावे लागतात, आणि नवी तारीख पुन्हा लांबची. तोवर वर्ष उलटलं तर शेजारी किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. रोज सकाळी कामावर जाताना असा माणूस कुठून आणणार? ‘कोण पाहतंय’ म्हणून एकट्यानं गाडी काढली तर विमा हातचा जाऊ शकतो. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (नियम मोडल्याबद्दल नोंदवले जाणारे दंडगुण) असा आहे, गाडीही जप्त होऊ शकते. इथे पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून माझं मत स्वच्छ आहे: पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रोव्हिजनल आणि लेखी परीक्षा उरकून घ्या. लेखीचा निकाल दोन वर्षं टिकतो, त्यामुळे घाई झाली असं होत नाही.

लेखीची फी २३ पौंड. ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर यावी लागतात. त्यानंतर १४ छोट्या चित्रफिती दाखवतात आणि त्यात धोका दिसायला लागताच क्लिक करायचं असतं. इथे ७५ पैकी ४४ गुण हवेत. अनुभवी माणूस अडतो तो याच भागात. उगाच भराभर क्लिक केलं तर त्या फितीचे गुण शून्य होतात, आणि फार उशिरा केलं तरीही. सराव केल्याशिवाय जाऊ नका.

गिअरचं की ऑटोमॅटिक?

गिअरच्या गाडीवर पास झालात तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात, ऑटोमॅटिकवर झालात तर फक्त ऑटोमॅटिक. एवढ्यावरून बहुतेक जण गिअरचं घेऊन टाका म्हणतात, आणि भारतात वर्षानुवर्षं क्लच दाबलेल्याला तो सल्ला पटतोही. जुनी, स्वस्त गाडी घ्यायची असेल तर तो योग्यच आहे. फिएस्टा किंवा कोर्सा यांच्या जुन्या गाड्यांत गिअरवाल्या भरपूर मिळतात आणि स्वस्तही पडतात. सामान हलवायला व्हॅन भाड्यानं घ्यायची वेळ आली तरी गिअर येत असलेला बरा.

ऑटोमॅटिकच्या बाजूनं मात्र एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. परीक्षेत आपल्याला क्लच नडत नाही, सवयी नडतात. उदाहरणार्थ, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असलेली अरुंद गल्ली घ्या. मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा आणि समोरून गाडी येते आहे. आपल्याकडे दोघंही पुढे येतात, आरसे मिटतात, इंच-इंच करत दोघंही निघून जातात आणि कुणालाच त्यात काही वाटत नाही. इथे परीक्षकाला हवं असतं की ती गाडी तुम्हाला लांबूनच दिसावी, आरसा पाहून तुम्ही वेग कमी करावा, मोकळी जागा बघून डावीकडे थांबावं आणि समोरच्याला जाऊ द्यावं. चौकातल्या गोल वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, झेब्रावर पाय ठेवलेल्या माणसासाठी थांबायचं, बाजूला सरकण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं. डोक्यातली ही घडी बदलायला बरंच लक्ष लागतं. गिअरकडे द्यायचं लक्ष वाचलं तर ते इथे कामी येतं.

मात्र ऑटोमॅटिक म्हणजे सोपी परीक्षा असं समजू नका. ऑटोमॅटिकवर पास होणाऱ्यांचं प्रमाण उलट थोडं कमीच आहे. परीक्षा तीच, साधारण ४० मिनिटांची. १५ किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही चालत नाही. फी आठवड्याच्या कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. तारीख बदलायची असेल तर १० कामाचे दिवस आधी कळवा, नाहीतर फी बुडते.

भारतात रोज गिअरची गाडी चालवत होतात, तर इथेही गिअरवरच द्या. भारतात लायसन्स काढलं पण गाडी फारशी चालवली नाही, असं ज्यांचं आहे, त्यांनी संकोच न करता ऑटोमॅटिकवर द्यावी. माझ्या पाहण्यात अशा कितीतरी बायका आहेत. विजेच्या गाड्यांना गिअर नसतोच, आणि २०३० पासून फक्त पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या कार इथे विकायला बंदी येणार आहे. पुढे गरज पडली तर लेखी पुन्हा न देता फक्त रस्त्यावरची परीक्षा गिअरवर देता येते.

कुठलीही निवडा, इथल्या प्रशिक्षकाबरोबर काही तास गाडी चालवाच. तासाला साधारण ३५ ते ४५ पौंड जातात, पण आपल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत, त्याला पहिल्या दहा मिनिटांत दिसतात.

आणि दुचाकी?

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. प्रोव्हिजनल आणि सीबीटी नावाचं प्रशिक्षण, बहुतेकांचं एका दिवसात होणारं, एवढ्यावर १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. पण ‘एल’ची पाटी लावायची, मागे कुणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही, आणि दोन वर्षांनी सीबीटी पुन्हा करायचं. मोठी मोटारसायकल हवी असेल तर दुचाकीची वेगळी लेखी आणि दोन टप्प्यांची चालवण्याची परीक्षा. वयाची २४ वर्षं पूर्ण असतील तर थेट कुठल्याही ताकदीच्या गाडीवर देता येते.

एकटे असाल, ऑफिस गावातच असेल आणि पावसाची हरकत नसेल, तर १२५ची स्कूटर स्वस्तात काम भागवते. घरात लहान मूल असेल तर आधी कारचंच काढा. विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगते: जेवण पोचवण्याच्या कामासाठी स्कूटर घेऊ नका. त्या ॲपवरचं काम स्वयंरोजगारात मोडतं आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. लायसन्स बरोबर असूनही व्हिसा गोत्यात येईल.

भारतीय लायसन्स इथे जमा करावं लागत नाही, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर ते कामाला येतं. निघण्यापूर्वी त्यावरची मुदत मात्र बघून घ्या. ती इथल्या १२ महिन्यांच्या आत संपत असेल तर तुमचा एकट्यानं गाडी चालवण्याचा हक्कही त्याच दिवशी संपतो. भारतात मुदतीच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. ते तिथेच उरकून विमानात बसा.