मोसिन ९१/३० ची माशी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोसिन ९१/३० या जुन्या रशियन लष्करी रायफलची माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) बाजूला सरकवायला साइट पुशर, म्हणजे बोल्ट पिळून माशी ढकलणारं अवजार, घेतलं; त्याच्या बोल्टचं टोक वाकलं आणि माशी केसभरही सरकली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. ३५ डॉलरचं अवजार पहिल्याच वापरात निकामी झालं आणि विकणारा म्हणतो, जोर जास्त लावलात, परत घेता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धापासून जागेवर बसलेलं डवटेल (माशीचा तिरक्या कडांच्या खाचेत अडकवलेला पाया) जोर न लावता हलणार कसं? अमेरिकेत सरप्लस (सैन्याने विकून टाकलेली) मोसिन घेणाऱ्यांनी हे पैसे वाचवावेत. रायफल बाकी उत्तम आहे, तक्रार आहे ती फक्त माशीची.

आधी रायफलचा बोल्ट काढा आणि नळी रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. माशीच्या बुडावर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत शिरणारं पातळ तेल) मुरू द्या. नळीला जाड चामडं गुंडाळून ती माशीच्या अगदी जवळ व्हाइसमध्ये धरा. लांब धरली तर प्रत्येक ठोका नळीच्या थरथरण्यात वाया जातो. मग पितळी पंच आणि छोटी हातोडी घ्या. घाव माशीभोवतीच्या गोल कड्यावर पडू देऊ नका, खाली डवटेलच्या पायावरच घाला. कडं चेपलं की माशी त्यात मधोमध दिसत नाही. पुशर घ्यायचाच असेल तर जाड बोल्टचा घ्या. हेच काम १० डॉलरचा पंच करतो.

किती सरकवायची ते आधी कागदावर काढा. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ६२२ मि.मी. आहे. १०० यार्डांवर (९१.४ मीटर) माशी १ मि.मी. सरकली की गोळी १४.७ सें.मी. सरकते, म्हणजे ०.१ मि.मी. ला दीड सें.मी. गोळी ज्या दिशेला चुकते त्याच दिशेने माशी न्यायची: गोळी डावीकडे पडते तर माशी डावीकडे, गोळी वर पडते तर माशी उंच. दर दोन ठोक्यांनंतर व्हर्नियर लावा, अंदाजावर जाऊ नका.

पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं की माशी कारखान्यातच वाकडी बसवली आहे. ते मत मागे घेतो. या रायफली संगीन लावून नेमावर आणल्या जात. संगीन नळीच्या उजव्या बाजूला बसते, तिच्या वजनाने नळीची थरथर बदलते आणि गोळ्यांचा झुबका सरकतो. संगीन चढवून पाच गोळ्या झाडल्यावर झुबका मधोमध आला. डवटेलवर छिन्नीने मारलेली जुनी खूण बरोबरच होती. त्यामुळे हातोडी उचलण्याआधी संगीन लावून एकदा तपासा. रेंजवर संगीन लावायची नसेल तरच माशी हलवा.

खरा त्रास उंचीचा. मागच्या साइटची अंतराची पट्टी १०० मीटरच्या खाली जात नाही आणि संगिनीशिवाय गोळी १०० यार्डांवर १८ सें.मी. वर पडत होती. हिशेबाने माशी १.२ मि.मी. उंच हवी. तयार उंच माशी विकत मिळते, पण त्याआधी विजेच्या वायरचं आवरण वापरून पाहा. आतली तांब्याची तार ओढून काढायची, माशीवर घट्ट बसेल असा तुकडा मुद्दाम लांब ठेवून बसवायचा. आता गोळी खाली पडेल. तीन-तीन गोळ्या झाडून, धारदार ब्लेडने अगदी थोडं थोडं कापत वर यायचं. एकदम १ मि.मी. कापलंत तर नवा तुकडा घ्यावा लागेल. काही पैशांच्या वायरीने हे काम इतकं नेमकं होईल असं वाटलं नव्हतं.

सहा महिन्यांनी त्यातला दोष कळला. आवरणाने माशी दोन्ही बाजूंनी मिळून ०.८ मि.मी. जाड झाली. डोळ्यापासून माशी साधारण १ मीटरवर असते, म्हणजे १०० यार्डांवर सुमारे ७ सें.मी. जादा निशाण झाकलं जातं. काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला नेम धरलात तर चालतं, मध्यावर धरलात तर नाही. शिवाय जुन्या दारूगोळ्याचे क्षार काढायला नळीतून उकळतं पाणी ओतलं की आवरण ढिलं पडतं. पुन्हा बसवताना सुपर ग्लूचा एक थेंब पुरतो. अचूकतेची आवड असेल तर शेवटी पोलादी माशीच घ्या.

पट्टीवरचा सरकता तुकडा नेहमी खालून वर आणूनच खाचेत बसवा, नाहीतर त्यातली ढिलाई नेमात उतरते. दस्त्याचे दोन्ही स्क्रू घट्ट हवेत. वाळूच्या पिशवीवर लाकूड टेकवा, नळी नको. आणि गोळी बदलू नका: ९.६ ग्रॅमच्या गोळीवर बसवलेला नेम ११.८ ग्रॅमच्या गोळीला चालत नाही.

सगळं जमलं की जुनी छिन्नीची खूण घासू नका, शेजारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. संगीन पुन्हा लावावीशी वाटली तर माशी कुठे परत न्यायची ते जुन्या खुणेवरूनच कळतं.